पिस्तूल परवाना (बुलढाणा जिल्हा)

पिस्तूल परवाना म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये पिस्तूल घेण्यास व बाळगण्यास मिळणारी शासकीय अनुमती. मेहकर तालुक्यातील डोणगावच्या रहिवाशाला त्यासाठी बुलढाण्याच्या जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात. जीवाला धोका असल्याचे नुसते सांगणे पुरेसे नसते. पोलिसांच्या चौकशी अहवालाला महत्त्व असते.

शस्त्र नियम, २०१६ ने अर्जदारासाठी सुरक्षा प्रशिक्षणही आवश्यक केले. शस्त्राची सुरक्षित हाताळणी, गोळी झाडण्याची पद्धत, निगा आणि साठवण हे त्याचे विषय आहेत.

अमेरिकेतील अनेक राज्यांत पिस्तूल लपवून नेण्याचा स्वतंत्र परवाना असतो. भारतात तो नाही. उलट सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल पूर्ण झाकून नेणे हे परवानाधारकाचे कर्तव्यच आहे. त्यामुळे ते कमरेला लावून वरातीत मिरवणे नियमबाह्य ठरते. अशा प्रसंगी हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली.

परवाना नाकारल्यास अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे अपील करता येते.