वडी मिळून येते ती पाकाने

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना साखरेची माहिती देणारे ‘शुगर बोर्ड’ लावण्यास सांगितले आणि पुढे जुलैमध्ये नागपूरच्या एम्समधील तशाच फलकांच्या निमित्ताने समोसा-जिलेबीवरून बरेच रण माजले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. फेरीवाल्यांच्या पदार्थांवर कोणताही इशारा छापायचा नाही, असे सरकारने स्पष्ट केल्यावर तो वाद निवला. मंडळाच्या परिपत्रकातील आकडे मात्र मागे उरले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या उष्मांकांपैकी १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या उष्मांकांपैकी १५ टक्के साखरेतून येतात, तर शिफारस ५ टक्क्यांची आहे, असे त्या परिपत्रकात म्हटले होते. त्यामुळे छोट्या सुट्टीच्या डब्यात काय द्यावे, या जुन्याच प्रश्नाला नवी धार आली. सुकामेवा घालून घरी केलेला ग्रॅनोला बार हे या प्रश्नाचे सध्याचे प्रतिष्ठित उत्तर आहे, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात बदाम-पिस्त्यांवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने ते थोडे स्वस्तही झाले. उत्तर वाईट नाही. परंतु पदार्थ घरी केला की साखरेचा प्रश्न सुटला, ही जी समजूत त्याच्या पाठीशी उभी आहे, ती तपासून घ्यायला हवी.

ग्रॅनोला बार म्हणजे भाजलेले ओट्स, सुकामेवा, बिया आणि वाळवलेली फळे यांची गोड बांधणीने धरलेली वडी. या व्याख्येतील ‘बांधणी’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण बाकीचे सगळे घटक कोरडे, सुटे आणि एकमेकांशी काहीही देणेघेणे नसलेले असतात, आणि त्यांना एकत्र धरून ठेवणारा पदार्थ सापडल्याखेरीज वडी पडत नाही. मराठी स्वयंपाकघरात यासाठी ‘मिश्रण मिळून येणे’ असा नेमका शब्दप्रयोग आहे, आणि कशाने मिळून येते, या प्रश्नाचे उत्तर तिळाच्या वडीपासून राजगिऱ्याच्या वडीपर्यंत बहुतेक वेळा एकच असते: पाकाने.

मूळ ग्रॅनोल्यात मात्र ही बांधणी नव्हती आणि साखरही नव्हती. न्यूयॉर्क राज्यातील डॅन्सव्हिल येथे जलोपचाराचे आरोग्यधाम चालवणाऱ्या जेम्स केलब जॅक्सन यांनी १८६३ मध्ये कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाच्या पोळ्या भाजून, त्यांचा चुरा करून आणि तो चुरा पुन्हा भाजून ‘ग्रॅन्युला’ नावाचा पदार्थ तयार केला, जो इतका कडक असे की तो रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. मिशिगनमधील बॅटल क्रीक येथे जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ त्याच नावाने काढला आणि नावावरून तंटा झाल्यावर त्यातले एक अक्षर बदलून तो ‘ग्रॅनोला’ केला. या दोघांनाही गोडाचे वावडे होते. जिभेचे चोचले हे अनारोग्याचे मूळ, अशी त्यांची ठाम धारणा होती. १९६०च्या दशकात अमेरिकेतील प्रस्थापितविरोधी तरुणाईने या विस्मृतीत गेलेल्या पदार्थाला ओट्स, मध आणि सुकामेवा यांच्यासह पुन्हा वर काढले, आणि १९७०च्या दशकात मोठ्या कंपन्यांनी त्याची वडी करून वेष्टनात घातली. वाडग्यातला सुटा पदार्थ खिशात मावणारी वडी झाला, त्या क्षणी त्याला चिकटवणाऱ्या साखरेची गरज पडली. केलॉग यांच्या नावाशी जोडलेल्या पदार्थाची ही परिणती त्यांना रुचली असती, असे वाटत नाही.

योगायोग असा की, ज्या १८६३ मध्ये डॅन्सव्हिलला ग्रॅन्युला भाजला जात होता, त्याच वर्षी बोरघाटातून रेल्वे सुरू झाली, आणि त्या घाटमाथ्यावरच्या लोणावळ्याचे नाव पुढे शेंगदाणे व गुळाच्या वडीशी कायमचे जोडले गेले. चिक्कीने आरोग्याचा दावा कधी केला नाही, त्यामुळे तिला लाजायचेही कारण पडले नाही. मात्र बांधणीच्या शास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर चिक्की आणि ग्रॅनोला बार ही एकाच पाकाची दोन टोके आहेत, आणि घरी बार करताना जे जे बिघडते, ते ते या दोन टोकांमधला फरक न ओळखल्याने बिघडते.

पाक म्हणजे साखर किंवा गुळाचे पाण्यातले द्रावण. ते उकळत राहिले की पाणी उडून जाते, साखरेचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर उकळण्याचे तापमानही चढत जाते. तापमान साधारण ११५ अंश सेल्सियसला पोचते, तेव्हा पाकात सुमारे ८५ ते ८७ टक्के साखर असते, आणि थंड पाण्याच्या वाटीत टाकलेल्या थेंबाची बोटांनी दाबता येणारी मऊ गोळी होते. १२० ते १३० अंशांच्या दरम्यान साखर ९२ टक्क्यांच्या आसपास जाते आणि गोळी घट्ट, रबरासारखी चिवट होते. १५० अंशांच्या पुढे पाणी जवळजवळ उरतच नाही, आणि तोच थेंब पाण्यात पडताच कडक होऊन बोटांत ‘कट्’ आवाज करत मोडतो. या शेवटच्या अवस्थेत साखरेचे रेणू स्फटिकांच्या शिस्तीत न लागता जसेच्या तसे गोठतात, म्हणजे शब्दशः काच तयार होते. चिक्की ही अशी खाण्याजोगी काच आहे, म्हणूनच ती ओट्यावर गरम असतानाच लाटावी आणि कापावी लागते. निवल्यावर सुरी चालवली, तर वड्यांऐवजी तुकडे हाती येतात. ग्रॅनोला बारला ही काच नको असते, चिवटपणा हवा असतो, त्यामुळे त्याचा पाक अलीकडेच थांबवावा लागतो आणि थाळा पूर्ण निवल्यावरच कापावा लागतो. घरच्या बारचा भुगा होतो, अशी जी सार्वत्रिक तक्रार असते, तिची कारणे बहुधा दोनच निघतात: पाक कच्चा उतरवलेला असतो, किंवा कापण्याची घाई झालेली असते.

पाकात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे साखर पुन्हा स्फटिकरूपात येऊन वडी रवाळ आणि ठिसूळ होऊ न देणे. साध्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या दोन लहान शर्करांचा जोड असतो, आणि तो जोड फुटून त्या सुट्या झाल्या की मिश्रण सहजी साखरत नाही. पाकात लिंबाचे चार थेंब टाकण्याची घरोघरची रीत याच तत्त्वावर चालते. मधात या सुट्या शर्करा मुळातच भरपूर असतात, गुळातही त्या काही प्रमाणात असतात, आणि काकवीत गुळाहून अधिक असतात. काकवी म्हणजे गुऱ्हाळात रस आटताना गूळ बनण्याच्या आधीच, सुमारे १०५ अंशांवर, काहिलीतून काढून घेतलेला पातळ गूळ. बारच्या बांधणीसाठी यापेक्षा सोयीचा पदार्थ शोधून सापडणार नाही, पण परदेशी पाककृती तिच्या जागी मेपल सिरप सांगतात म्हणून लोक मेपल सिरपच शोधत बसतात.

खजूर वाटून केलेली बांधणी सध्या ‘साखरविरहित’ म्हणून गाजते आहे, आणि या प्रकरणात सर्वाधिक शंका घेण्यासारखी बाब हीच आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्यांना ‘मुक्त शर्करा’ म्हणते, म्हणजे पदार्थात वरून घातलेली साखर आणि त्याबरोबर मध, सिरप व फळांच्या रसातील साखर, त्यात अख्ख्या फळातील साखर धरली जात नाही. ब्रिटनच्या अधिकृत व्याख्येत मात्र फळाचा लगदा केला की त्यातील साखर मुक्त मानली जाते. खजुराच्या वजनापैकी साठ टक्क्यांहून अधिक साखरच असते. तंतू आणि खनिजे खजुराबरोबर येतात, हे खरेच, पण ‘साखर नाही’ हे विधान त्याने खरे ठरत नाही. दाण्याचे कूट तेल सुटेपर्यंत वाटून केलेला लगदा ही तुलनेने प्रामाणिक बांधणी होय, कारण ती मुख्यतः प्रथिने आणि तेल यांच्या जोरावर धरते; तिने वडी मऊ राहते आणि गोडाचे प्रमाण निम्म्यावर आणता येते. डिंक मात्र येथे उपयोगाचा नाही: नावाने तो चिकट असला, तरी तुपात फुलवलेला डिंक ठिसूळ होतो, आणि डिंकाचा लाडू वळला जातो तो गुळाच्या पाकाने किंवा तुपाच्या जोरावर.

ओट्सविषयी फार सांगण्यासारखे नाही. वाफवून चपटे केलेले हे दाणे बीटा-ग्लुकन नावाच्या विद्राव्य तंतूमुळे नावाजले गेले, आणि त्यांच्या जागी निम्म्या प्रमाणात भाजलेले पातळ पोहे किंवा राजगिऱ्याच्या लाह्या घातल्या तरी वडीचे काही बिघडत नाही. बेदाण्यांची गोष्ट वेगळी आहे. भौगोलिक मानांकन मिळालेला सांगलीचा बेदाणा तयार होतो तो द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून. त्याने सालीवरचा मेणाचा थर सैल होतो, आतले पाणी लवकर बाहेर पडते आणि शेडमधील जाळ्यांवर सावलीत पसरलेली द्राक्षे साधारण दोन आठवड्यांत सुकतात. सुकल्यावरही त्यांत सुमारे १५ टक्के पाणी उरते, आणि बारच्या दृष्टीने कळीचा मुद्दा हाच आहे: भाजलेल्या ओट्समध्ये पाणी अगदी कमी असल्याने बेदाण्यातला ओलावा दिवसेंदिवस त्यांच्याकडे सरकतो, मग ओट्स मऊ पडतात आणि बेदाणे चामट होतात. बेदाणे भाजून हा प्रश्न सुटत नाही, कारण तापवल्यावर ते फुगतात आणि करपून कडू होतात. ते अगदी शेवटी, आच बंद केल्यावर घालावेत आणि चार-पाच दिवसांत बार संपवावेत, एवढेच हाती असते.

ओव्हन नसलेल्या घरात जमणारी एक कृती तपशिलाने पाहण्यासारखी आहे. दीडशे ग्रॅम ओट्स मंद आचेवर, खमंग वास सुटेपर्यंत, कोरडेच भाजावेत. साठ ग्रॅम बदाम आणि चाळीस ग्रॅम अक्रोड वेगवेगळे भाजून जाडसर चिरावेत, कारण अख्खा बदाम वडी कापताना सुरीखाली निसटतो आणि तिथेच वडी फुटते. तीस ग्रॅम भोपळ्याच्या बिया तडतडेपर्यंत भाजाव्यात. जाड बुडाच्या कढईत सत्तर ग्रॅम गूळ, तीस ग्रॅम तूप आणि दोन चमचे पाणी घेऊन पाकाची घट्ट, चिवट गोळी होईपर्यंत उकळावे, आच बंद करावी आणि मगच त्यात पन्नास ग्रॅम मध घालावा. मधात सुमारे १७ टक्के पाणी असते, त्यामुळे किंचित पुढे गेलेला पाक त्याने मागे येतो आणि नेमका बारच्या चिवटपणावर स्थिरावतो. मध उकळू नये, हा आयुर्वेदाचा दंडकही बऱ्याच अंशी पाळला जातो. भाजलेले सर्व जिन्नस आणि साठ ग्रॅम बेदाणे घालून, मिश्रण गरम असतानाच तूप लावलेल्या थाळ्यात ओतावे आणि वाटीच्या बुडाने, मनगट दुखेल इतका जोर देऊन दाबावे. या दाबण्यात अर्धी बांधणी असते, कारण दाण्यांमधली हवा निघून गेल्याशिवाय थोडा पाक सर्वांना पुरत नाही.

आता हिशेब. या मिश्रणाच्या साधारण चाळीस ग्रॅमच्या बारा वड्या पडतात आणि प्रत्येक वडीतून १८५ च्या आसपास किलोकॅलरी मिळतात. गूळ व मध मिळून सुमारे शंभर ग्रॅम साखर होते, म्हणजे वडीमागे आठ ग्रॅम, सुमारे दोन चमचे, आणि बेदाण्यांची तीन ग्रॅम वेगळी. मुक्त शर्करा रोजच्या उष्मांकांच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवाव्यात, या जागतिक आरोग्य संघटनेच्या अधिक कडक सूचनेनुसार प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे २५ ग्रॅम साखर चालते. लहान मुलाची मर्यादा याहून कमी, म्हणजे एका वडीने तिचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त संपतो. गुळात लोह असते, हा बचाव येथे फारसा टिकत नाही, कारण एका वडीत गूळ येतो जेमतेम सहा ग्रॅम. शेंगदाणे आणि गूळ समसमान घेऊन केलेल्या चिक्कीत तेवढ्याच वजनामागे याच्या दुपटीच्या आसपास साखर असते. तिच्यापुढे बार नक्कीच उजवा आहे, पण मुठीत घेतलेले बदाम-बेदाणे त्याहून उजवे, आणि ते कशाने चिकटवावे लागत नाहीत.

पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, साखर हवेतला ओलावा ओढून घेते आणि वड्या एकमेकींना चिकटतात, म्हणून त्या कागदात वेगवेगळ्या गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. अक्रोडातील तेल हवेने लवकर खवट होते, तेव्हा जास्तीचे अक्रोड फ्रिजमध्ये बरे. वर्षाच्या आतील बाळाला मध देऊ नये, लहानग्यांना अख्खा सुकामेवा देऊ नये, आणि वर्गात कोणाला शेंगदाण्याची वा बदामाची ॲलर्जी असेल तर वाटून खाण्याआधी विचारून घ्यावे.

विकतच्या बारच्या वेष्टनावर साखरेचा आकडा छापावाच लागतो. घरच्या डब्यावर तो कोणी छापत नाही. तेव्हा झाकणावर एक चिठ्ठी डकवावी: गूळ ७० ग्रॅम, मध ५० ग्रॅम, वड्या १२.