काचेतला वाळवंटी विंचू आणि माळवदातला लाल

लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर भागातल्या जुन्या माळवदाच्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि हातभर रुंद. भिंतीतल्या फटी, अंगणातलं सरपण, गोठ्यामागची कडब्याची गंज, रानातली सोयाबीनची बनीम या साऱ्या विंचवाच्या हक्काच्या जागा. दिवसभर तिथं दडायचं आणि रात्री किडे धरायला निघायचं, हा त्याचा क्रम. त्याच घरातली पोरं आता मोबाइलवर काचेच्या पेटीत पाळलेला वाळवंटी विंचू पाहतात, आणि मग एखाद्याला दगडाखालचा विंचू बरणीत ठेवावासा वाटतो. या हौसेच्या आड काही गैरसमज आहेत, आणि त्यातला पहिला जिवावर बेतणारा आहे.

तो असा : विंचू जेवढा मोठा, तेवढा विषारी. थोराड काळी इंगळी दिसली की घर हादरतं, आणि बोटाएवढा लाल विंचू लहान म्हणून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात इंगळीच्या दंशानं ठणका लागतो, पण जीव सहसा जात नाही. हॉटेनटोटा टॅम्युलस हा आपला लाल विंचू मात्र जगातल्या घातक विंचवांत गणला जातो. ओळखायची एक ढोबळ खूण आहे. जाड चिमटे आणि बारीक शेपूट असलेला विंचू भक्ष्याला ताकदीनं दाबून मारतो. ज्याचे चिमटे नाजूक आणि शेपूट जाड, त्याची भिस्त विषावर असते. लाल विंचू या दुसऱ्या जातकुळीतला. त्याला बरणीत ठेवू नये, काडीनं डिवचू नये. पाळण्याचा विषय तिथंच संपतो.

व्हिडिओत दिसणारा पिवळसर, केसाळ विंचू बहुधा अमेरिकेतल्या ॲरिझोनाकडचा असतो. हा उत्तर अमेरिकेतला सर्वांत मोठा विंचू, सुमारे 14 सेंटिमीटरपर्यंत वाढणारा. त्याचा दंश बहुतेकांना मधमाशीच्या दंशाइतका जाणवतो. ॲलर्जी असलेल्याला मात्र त्रास होऊ शकतो. परदेशी प्राणी घेण्याआधी कायदाही पाहावा लागतो. आफ्रिकेतला काळा ‘एम्परर’ विंचू आंतरराष्ट्रीय संरक्षित यादीत आहे. वन्यजीव कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 2023 मध्ये लागू झाल्यापासून असे प्राणी बाळगणाऱ्याला त्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

वाळवंटी म्हणजे तापलेल्या वाळूवर राहणारा, असं मानणारे बरेच. खरं तर तो उन्हापासून पळतो. ॲरिझोनाचा हा विंचू खोल बीळ खणून दिवस आत काढतो. पेटीत दोन बोटं वाळू पसरली तर त्याला खणताच येत नाही, आणि नुसती कोरडी वाळू ढासळते. चिकणमाती मिसळलेला दहा-पंधरा सेंटिमीटर थर लागतो, वर दडायला एखादी चपटी फरशी. त्याला मानवणारी ऊब 25 ते 32 अंशांच्या आसपासची. लातूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीतली बंद काचपेटी तेव्हा भट्टी होते. तिथं दिव्याची नव्हे, सावलीची आणि वाऱ्याची गरज.

पाणी त्याला लागतंच. उथळ झाकणात, तळाशी खडे टाकून ठेवावं. आठवड्याला एखाद-दुसरा रातकिडा खाऊन तो खुशाल राहतो. उपाशी असला तरी महिनोन्महिने तगतो. मात्र फवारणी झालेल्या सोयाबीनमधून किडे आणून घालू नयेत, ते विष विंचवाच्या पोटात जातं. कात टाकताना त्याचं अंग मऊ असतं, तेव्हा जिवंत रातकिडा पेटीत राहिला तर तोच विंचवाला कुरतडतो. सोबत म्हणून दुसरा विंचू तर मुळीच नको. दोघांपैकी एक दुसऱ्याला खातो.

आगीच्या कड्यात सापडलेला विंचू स्वतःला नांगी मारून घेतो, ही समजूतही चुकीची. उष्णतेनं त्याचे स्नायू आखडतात, शेपूट वेडीवाकडी हलते, आणि तो भाजून मरतो. पिल्लं आईची पाठ खातात, हेही खोटं. जन्मल्यावर ती आईच्या पाठीवर चढतात, अंगातल्या साठ्यावर जगतात आणि पहिली कात टाकून पांगतात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ म्हणणाऱ्यांनी हे नीट पाहिलं होतं.

आता मंत्रानं विंचू उतरतो या समजुतीबद्दल. बहुतेक दंशांची कळ दिवसभरात आपोआप ओसरते आणि श्रेय मांत्रिकाला मिळतं. लाल विंचवाचा दंश झालेलं मूल मात्र त्या वेळात हातचं जातं. उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय ही धोक्याची लक्षणं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगडमधल्या महाडच्या परिसरात असे रुग्ण रात्र रात्र जागून तपासले. हृदयावरचा ताण उतरवणारं प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध त्यांनी वापरलं, आणि गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं. त्यांचं काम ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं, 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. लाल विंचवावरची प्रतिलसही आता आहे आणि प्राझोसिनच्या जोडीला दिली तर रुग्ण लवकर सावरतो. दंश झाला की दवाखाना, तोही लगेच.

विंचू पाळणाऱ्यांकडची एक वस्तू मात्र रेणापूरच्या माळवदात खरोखर उपयोगी आहे : अतिनील किरणांची जांभळी बॅटरी. तिच्या उजेडात विंचू हिरवट चमकतो. निजण्याआधी ती एकदा भिंतीच्या फटींवरून, बाजेच्या पायांवरून आणि पोरांच्या चपलांवरून फिरवावी.