फवारा, लेझर आणि ताण मोजणारी काळी रेघ

किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर साखरेची पिशवी ठेवली की आतला धातूचा दांडा नजरेला दिसणार नाही इतका वाकतो. त्याला चिकटवलेली नागमोडी पत्री त्याच्यासोबत ताणली जाते आणि तिचा विद्युतरोध किंचित वाढतो. काटा तेवढा फरक टिपतो आणि वजन सांगतो.

ताणलेल्या तारेचा रोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी 1856 मध्येच दाखवले होते. चिकटवता येणारा मापक मात्र 1938 मध्ये आला. कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीत आर्थर रूज यांनी तो स्वतंत्रपणे शोधला. रूज तेव्हा भूकंपाचा पाण्याच्या टाक्यांवर होणारा परिणाम अभ्यासत होते.

पूल, क्रेन, विमानाचे पंख यांना हा मापक पुरतो. कोपर किंवा गुडघ्यावरच्या त्वचेला तो पुरत नाही. काही टक्के ताणातच धातूची पत्री निकामी होते. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाने 2011 मध्ये सिलिकॉन रबरावर कार्बन नॅनोट्यूबचे, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नलिकांचे, द्रावण फवारले. रबर एकदा ताणून सोडल्यावर नलिकांना स्प्रिंगसारखी वळणे पडली आणि लेप 150 टक्के ताणही सोसू लागला.

फवारणी सोपी वाटते, पण खरे कसब तिथेच लागते. नलिका एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, म्हणून ध्वनितरंगांनी त्या द्रवात मोकळ्या कराव्या लागतात. रबर तापवून ठेवतात, म्हणजे थेंब पडताच वाळतो. तो रेंगाळला तर कण कडेला साचतात आणि लेप कुठे जाड, कुठे विरळ होतो. एकच जाड थर देण्याऐवजी अनेक पातळ हात मारायचे आणि अधूनमधून रोध मोजायचा. हवा तो आकडा आला की थांबायचे.

नको तिथला लेप लेझर उडवतो. संगणकावर काढलेली नागमोडी रेघ तेवढी उरते. साचा नको, आम्ल नको. शक्ती कमी पडली तर उरलेल्या कणांतून वीज आडवाटेने जाते, जास्त झाली तर रबर कापले जाते. फेमटोसेकंद लेझरचा स्पंद उष्णता आजूबाजूला पसरण्याआधीच संपतो, त्यामुळे कडा स्वच्छ राहतात. लांब रेघा ताणाच्या दिशेने आखल्या की मापक मुख्यतः त्याच दिशेला दाद देतो.

अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात जेम्स टूर यांच्या गटाने 2014 मध्ये फवाराही वगळला. पॉलिइमाइड या प्लास्टिकच्या पातळ तावावर त्यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर फिरवला आणि प्लास्टिकचेच सच्छिद्र ग्राफीन झाले. त्याच वर्षी दक्षिण कोरियाच्या संशोधकांनी कोळ्याच्या पायावरच्या चिरांसारख्या इंद्रियावरून प्लॅटिनमच्या थरात मुद्दाम तडे पाडले. साध्या पत्रीचा संवेदनांक, म्हणजे ताणाच्या मानाने रोध किती पट बदलतो तो आकडा, 2 च्या आसपास असतो. इथे तो 2000 च्या वर गेला. पण तो फक्त 2 टक्के ताणापर्यंतच.

अशा मोठ्या आकड्यांनी भुलायला होते. रबर सोडल्यावर रोध लगेच मूळ जागी परतत नाही. तापमान आणि घामही तो बदलतात. रुग्णाच्या बोटांची हालचाल महिनोन्‌महिने नोंदवायची असेल, तर संवेदनांकापेक्षा हे परतणे महत्त्वाचे. या विषयात प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ताण वाढतानाचा आलेख काढला, की ताण उतरतानाचाही त्याच कागदावर काढावा.