घरीच जुळवलेला संगणक

पौडच्या बाजूला राहणाऱ्या आमच्या पुतणीला डिझाइन शिकायचे होते, तिच्या धाकट्या भावाला गेम हवे होते. वहिनींनी बचत गटातून कर्ज काढले आणि सुटे भाग निवडण्याचे काम आमच्यावर आले.

आधी ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सोडला. २०२१ साली आलेल्या रायझन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच असते. मात्र ते रॅममधूनच जागा घेते. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ च्या दोन घेतल्या. दोन पट्ट्यांनी वेग वाढतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. हलके गेम चालतात. सोबत एसएसडी आणि रंग नीट दाखवणारा आयपीएस मॉनिटर. ब्लेंडर, इंकस्केप ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, चोरीची कशाला?

एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर नको. मुळशीच्या पाण्यावर भिऱ्याला वीज तयार होते, पण आमच्याकडे पावसाळ्यात ती सारखी जाते-येते. पूर्वी आम्ही बिननावाचा एसएमपीएस घेतला होता. तो जळाला, सोबत मदरबोर्डही गेला. या वेळी चांगल्या कंपनीचा ५५० वॅटचा घेतला, म्हणजे पुढे कार्डही बसेल.

कार्डाची जागा अजून रिकामी आहे. धाकटा रोज विचारतो. वहिनी म्हणतात, आधी गटाचे हप्ते.