मिटवामिटवीचा कागद

केळीची कटाई ठरली की व्यापाऱ्याची गाडी बागेच्या जितकी जवळ लागेल तितकं बरं. घड जड असतो, आणि सालीवर जरा घासलं तरी तो डाग दुसऱ्या दिवशी काळा पडतो. काळा पडलेला माल कुणी पूर्ण भावानं घेत नाही. त्यामुळे तापीच्या काठानं भुसावळ, यावल, रावेर या पट्ट्यात शेताच्या वाटेवरून जितकी भांडणं होतात, तितकी ज्वारी-कपाशीच्या कोरडवाहू भागात होत नसावीत. कपाशीचं गाठोडं माणूस डोक्यावर घेऊन बांधावरून निघून जातो. केळीला ट्रॅक्टरची वाट लागते. आणि वाट अडवायचीच तर ती कटाईच्या दिवशी अडवायची, हे भांडखोर शेजाऱ्याला शिकवावं लागत नाही.

वरणगाव हे या पट्ट्यातलं मोठं गाव. मुंबई-नागपूर महामार्गावर, भुसावळच्या पूर्वेला. एका बाजूला तापी आणि हतनूरचं धरण, दुसरीकडे १९६० च्या दशकात आलेली आयुध निर्माणी. शेतकरी आणि कारखान्यातला कामगार एकाच बाजारात भाजी घेतात, पण त्यांची भांडणं वेगळी असतात. शेतकऱ्याचं भांडण बांधाचं, वाटेचं, विहिरीच्या पाळीचं, भावकीतल्या वाटणीचं. नोकरदाराचं भांडण प्लॉटच्या हद्दीचं, सांडपाण्याचं, गाडी लावण्याच्या जागेचं. सासर-माहेरचं भांडण मात्र दोघांकडेही सारखंच.

वाटेच्या भांडणाचं पुढं काय होतं ते पाहू. अडवलेली वाट मोकळी करून घ्यायची तर अर्ज तहसीलदाराकडे, १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली. वाट मुळात नव्हतीच, ती नव्यानं हवी, तर पुन्हा तहसीलदारच, पण आता १९६६ च्या जमीन महसूल संहितेचं कलम १४३. दरम्यान बांधावर शिवीगाळ झालेली असते, कुणीतरी काठी उचललेली असते. मग पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद. पोलीस दोघांवरही चॅप्टर केस करतात, म्हणजे शांतता राखण्याचा बाँड. हद्द नक्की कोणती हा प्रश्न आला की भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीची फी भरायची, आणि मोजणी पटली नाही की दिवाणी दावा. भांडण एक, फायली चार. महसुलाची फाईल वाट बघते, पोलिसांची फाईल डोकं फुटलं का ते बघते, मोजणीदार फूट-इंच बघतो. आजोबांच्या काळी ही वाट कुणी कुणाला दिली होती आणि गेल्या वर्षीच्या लग्नात कोण कुणाला बोलला नाही, हे कुठल्याच फायलीत येत नाही. भांडणाचं मूळ बहुतेक वेळा तिथंच असतं.

राज्य सरकारनं हे ओळखून एक मोठा प्रयोग केला. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. तेव्हा गृहखातं आर. आर. पाटील यांच्याकडे होतं. ग्रामविकास मंत्री असताना त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानातून गावागावांत स्पर्धा लावून दिली होती. तीच युक्ती इथं वापरली. ग्रामसभेनं समिती निवडायची, अध्यक्ष गावातलाच. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, बीट अंमलदार, शिवाय महिला, मागासवर्गीय, शिक्षक, बचत गटातली मंडळी. मानधन कुणालाच नाही. गावातले दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर असे सगळे तंटे वहीत नोंदवायचे, जुने किती, नवे किती, मिटले किती हे लिहायचं, आणि वर्षअखेर बाहेरच्या समितीनं येऊन २०० गुणांची तपासणी करायची. पास झालेल्या गावाला लोकसंख्येप्रमाणे लाखापासून दहा लाखांपर्यंत बक्षीस.

आर. आर. आबा तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. हा जुन्या सातारा जिल्ह्याचा मुलूख, जिथं १९४३ ते ४६ या काळात प्रतिसरकारच्या न्यायदान मंडळांनी गावोगाव तंटे तोडले आणि कमी खर्चाची गांधी-लग्नं लावली. तंटामुक्तीच्या समित्यांनीही पळून आलेल्या जोडप्यांची लग्नं ग्रामपंचायतीसमोर लावून दिली आणि फोटो पेपरात छापून आणले. आबांनी ते जाणूनबुजून उचललं की मातीतून आलं, सांगणं कठीण.

समितीसमोर भांडण मिटतं म्हणजे नेमकं काय होतं? आधी दोघांना वेगवेगळं ऐकतात. हे चावडीवर कमी, कुणाच्या तरी ओसरीवर जास्त. मग शेतात जातात. बांधावर निंबाचं जुनं झाड असतं; एकाचं म्हणणं त्याच्या सावलीनं माझ्या दोन ओळी पोसत नाहीत, दुसऱ्याचं म्हणणं झाड माझ्या बापानं लावलं. हद्दीचा दगड कुणी सरकवला यावर दोघेही शपथ घ्यायला तयार असतात. समितीतला एखादा म्हातारा दगडाकडे न बघता विचारतो, ‘तुझी बाग कधी कापायला येते?’ तिथून बोलणं जुळतं. वाट दहा फूट, फांद्या दर उन्हाळ्यात छाटायच्या, पाइप फुटला तर भरपाई ज्याच्या ट्रॅक्टरनं फुटला त्याची. मग कागद. वर तारीख, ‘आम्ही लिहून देणार’ म्हणून दोघांची नावं, गट नंबर, चतुःसीमा, ‘कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने’ हे वाक्य, खाली सह्या, अंगठे, साक्षीदार. दाव्याची किंवा फौजदारीची फाईल चालू असेल तर हा तडजोडनामा तिथं दाखल करायचा.

या कागदाला स्वतःचं बळ किती? समिती म्हणजे न्यायालय नव्हे. तिचा कागद मोडला म्हणून जप्तीचा बेलीफ येत नाही. तो टिकतो, कारण सही करताना चार माणसं बसलेली असतात आणि ती चारही माणसं उद्या रस्त्यात भेटणार असतात. ही गोष्ट नवी नाही. मराठा काळातल्या गोतसभेचं सगळं तंत्र याच भरवशावर होतं. वादी-प्रतिवादी आधी राजीनामा देत, म्हणजे पंच सांगतील ते मान्य अशी कबुली. सोबत जामीन. निवाडा झाला की जिंकणाऱ्याला निवाडपत्र, आणि हरणाऱ्याकडून येजितखत, आपण हरलो हे स्वतःच्या तोंडानं लिहून घेणं. आजच्या वकिलाला ते क्रूर वाटेल. पण हरलेल्या माणसानं स्वतः लिहिलेलं असलं की पुढच्या पिढीला तोच वाद पुन्हा उकरता येत नसे.

१८१८ मध्ये पेशवाईबरोबर खानदेशही इंग्रजांकडे गेला. पुढच्याच वर्षी त्यांचा दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं जिंकलेल्या मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात पंचायतीवर भरपूर मजकूर आहे. पंच वेळेवर येत नाहीत, काम लांबतं, त्यांना मोबदला नाही आणि हुकमाची सक्तीही नाही, हे दोष त्यानं नोंदवले, आणि तरीही ही पद्धत ठेवावी असंच सुचवलं. पुढं कंपनीच्या अदालती आल्या, स्टॅम्प आला, वकील आला आणि पंच मागं पडले. स्वातंत्र्यानंतर न्यायपंचायती झाल्या, त्या महाराष्ट्रात १९७० च्या दशकात मोडीत निघाल्या. आपल्याकडे पंच दर पन्नास वर्षांनी नव्या नावानं परत येतात आणि दर वेळी हा नवाच शोध असल्यासारखं भाषण होतं.

तंटामुक्तीचं काय झालं? पहिली काही वर्षं जोर होता. पोलीस ठाणी मागं लागत, गावं बक्षिसासाठी धावत. बक्षिसाची हीच खोड. गुण मिळवायचे म्हणून मुळात न झालेली भांडणं वहीत मिटलेली दाखवायची, हे गावागावात कुजबुजलं जायचं. अध्यक्षपदाच्या निवडीवरून ग्रामसभेत हाणामारी, ही बातमी तर दर ऑगस्टची ठरलेलीच. आबा गृहखात्यातून गेले, १६ फेब्रुवारी २०१५ ला जगातूनही गेले. मोहीम कागदावर राहिली, तिच्यातला जीव बराचसा उतरला. काही गावांत समिती अजून बसते. तिथं अध्यक्ष चांगला असतो, एवढंच कारण.

वरणगावची अडचण आणखी वेगळी. ग्रामपंचायत जाऊन इथं गेल्या दशकात नगरपरिषद आली. नळ, रस्ते, निधी या हिशेबानं ते गावाच्या फायद्याचंच. पण तंटामुक्तीची समिती ग्रामसभेच्या पोटी जन्मते. ग्रामसभा गेली की समिती गेली. पोलीस पाटलाचं पदही खेड्याचंच. नगरसेवक भांडण मिटवतो, पण तो एका प्रभागाचा आणि एका पक्षाचा, आणि समोरचा माणूस मनातल्या मनात मतदान कुणाला केलं याचा हिशेब करत बसतो. गाव मोठं झालं आणि कुठल्याच बाजूची नसलेली बसायची जागा तेवढी गेली.

उरलेल्या जागांपैकी सगळ्यात भक्कम जागा जातीची आहे, हे सांगायला संकोच वाटतो, पण खरं आहे. या भागातल्या लेवा पाटीदार समाजाची भोरगाव लेवा पंचायत जुनी, तिचं मूळ स्थान यावल तालुक्यातलं पाडळसे. प्रमुखाला कुटुंबनायक म्हणतात. सोयरीक, नांदणं-न नांदणं, फारकत, दागिने आणि खर्चाची देवाणघेवाण हे तिच्यापुढचे विषय. दोन्हीकडची वडीलधारी समोरासमोर बसतात. वर्षानुवर्षं भुसावळ-जळगावच्या कोर्टात तारखा घेणाऱ्या जोडप्यांपेक्षा इथं आलेली जोडपी लवकर सुटतात, असा लोकांचा अनुभव. कायद्यानं हे सगळं बेकायदा ठरत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ मध्ये रूढीनं चालत आलेल्या घटस्फोटाला जागा ठेवलेली आहे.

पण जातीची पंचायत म्हटली की दुसरी बाजूही बोलावी लागते. २०१३ पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं जातपंचायतींच्या मनमानीविरुद्ध मोहीम चालवली. दंड, वाळीत टाकणं, लग्नाला बंदी अशी शेकडो कुटुंबांची दुखणी त्यातून वर आली. २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा त्याचंच फळ. तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. वाळीत टाकलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. समजूत घालणारी पंचायत आणि शिक्षा देणारी पंचायत यांच्यातली सीमा या कायद्यानं आखली. बोलावणं ऐच्छिक असेल, उठून जाणाऱ्याला काही तोटा नसेल, तर ती समजूत. माझ्या मते मात्र एवढ्यानं भागत नाही. सासरी मार खाऊन माहेरी आलेली मुलगी पंचांपुढं बसते तेव्हा ‘राजीखुशीने’ हे वाक्य कोण लिहितं आणि तिला ते वाचून कोण दाखवतं, हे बघितल्याशिवाय मी अशा कागदाला तडजोड म्हणणार नाही. दलित-सवर्ण वादात ‘गावाची शांतता’ म्हणून तक्रार मागं घ्यायला लावणं हीही तडजोड नव्हे.

फौजदारीत मिटवण्याजोगं काय आणि न मिटवण्याजोगं काय, हे कायदा सांगतो. साधी मारहाण, शिवीगाळ, धमकी, म्हणजे लोकांच्या तोंडी बसलेलं ‘तीनशेतेवीस, पाचशेचार, पाचशेसहा’, हे मिटतं. १ जुलै २०२४ पासून हेच गुन्हे न्यायसंहितेच्या ११५, ३५२ आणि ३५१ या कलमांत गेले, तरी पारावर अजून जुनेच आकडे चालतात. विवाहितेच्या छळाचा गुन्हा मात्र इथं आपसात मिटत नाही; दोघांचं खरंच पटलं असेल तरी त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. पंचांना हा फरक माहीत नसला की चांगल्या हेतूनं केलेला कागद कोर्टात रद्दी होतो.

याच्या बरोबर उलट टोकाला लोकअदालत. कागद पक्का हवा तर भुसावळच्या न्यायालयात राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी जावं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं तिथल्या निवाड्याला हुकूमनाम्याचं बळ आहे, अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत. पण तिथं एका दिवसात बँकेची थकबाकी, चेक परत आल्याची प्रकरणं, विजेची बिलं असा ढीग असतो. बांधावरच्या निंबाबद्दल विचारायला कुणाला वेळ नसतो.

महसूल खात्यानं एक उपाय चांगला काढला, आणि त्याची चर्चा व्हावी तितकी होत नाही. सलोखा योजना, जानेवारी २०२३ ची. एकाच्या नावची जमीन दुसरा बारा वर्षं कसतोय आणि दुसऱ्याच्या नावची पहिला कसतोय, अशा वेळी अदलाबदलीचा दस्त फक्त एक हजार रुपये मुद्रांक आणि एक हजार रुपये नोंदणी फीमध्ये होतो. पूर्वी हा खर्च बघूनच माणसं माघारी फिरत. योजना दोन वर्षांसाठी होती, नंतर मुदत वाढवली. मात्र दोघांनी ‘हो’ म्हटल्याशिवाय ती सुरूच होत नाही, आणि तो ‘हो’ वदवून घेणारा माणूस योजनेत कुठं नाही.

तो माणूस २०२३ च्या मध्यस्थी कायद्यात आहे. त्यात ‘सामुदायिक मध्यस्थी’ असं वेगळं प्रकरण आहे, कलम ४३ आणि ४४. एखाद्या वस्तीची शांतता बिघडेल असा वाद असेल तर दोन्ही पक्षांच्या आधीच्या संमतीनं विधी सेवा प्राधिकरणाकडे, जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा प्रांताकडे अर्ज करायचा, त्यांनी तीन मध्यस्थांचं मंडळ नेमायचं. मध्यस्थ म्हणून परिसरातली प्रतिष्ठित माणसं, रहिवासी संघाचा प्रतिनिधी, मध्यस्थीचा अनुभव असलेलं कुणी, आणि महिलांना स्थान द्यावं अशी सूचना. श्रीलंकेनं १९८८ च्या कायद्यानं असंच केलं. तिथं प्रशिक्षण दिलेले स्वयंसेवक मध्यस्थ तिघातिघांनी बसतात आणि देशभर त्यांची मंडळं आहेत. आपल्या कायद्यात मात्र स्पष्ट लिहिलंय की या मंडळापुढं झालेला करार हुकूमनाम्यासारखा बजावता येणार नाही. शिवाय ९ ऑक्टोबर २०२३ ला जी निवडक कलमं लागू झाली, त्या यादीत ही दोन कलमं नव्हती.

बजावणी नाही म्हणून हे प्रकरण दुबळं आहे, असं वकील मंडळी म्हणतील. तंटामुक्तीच्या कागदालाही बजावणी नव्हती. फरक एवढाच की इथं ग्रामसभा लागत नाही, म्हणजे नगरपरिषदेच्या गावालाही हे चालतं, आणि मंडळ एका जातीचं असण्याचं कारण उरत नाही. प्रांत कार्यालय भुसावळला, वरणगावहून फार लांब नाही. तीन माणसं मिळायला अडचण नसावी. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, गावाबाहेरून आलेले आणि म्हणून कुणाच्या भावकीत न अडकलेले कितीतरी लोक इथंच घर बांधून राहिले आहेत. शाळेतल्या निवृत्त बाई आहेत, विधी सेवेचं प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवक तालुक्याला आहेत. यादी आत्ताही करून ठेवता येईल. तिच्यात निदान एक बाई आणि शेताच्या चतुःसीमा वाचता येणारा निदान एक माणूस हवा, आणि नगरसेवकपदाला उभं राहायचा विचार असलेला एकही नको.