तात्पुरतं म्हणजे किती दिवस? मेम्फिसच्या टर्बाइन्सचा प्रश्न

मागच्या दोन व्याख्यानांत आपण 'संमती' या कल्पनेकडे लॉक आणि ह्यूम यांच्या अंगाने पाहिलं. त्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की हे सगळं सतराव्या-अठराव्या शतकातलं. आजच्या माणसाला त्याचं काय? आक्षेप रास्त आहे. म्हणून आज पुस्तक थोडं बाजूला ठेवू आणि अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहराच्या नैर्ऋत्य टोकाला जाऊ. तिथे घरांच्या शेजारी एक डेटा सेंटर आलं, ते गॅसवर चालू लागलं आणि लोक त्याच्या विरोधात उभे राहिले. भांडण धुराचं आहे हे खरंच. पण आम्ही जसजसं वाचत गेलो तसतसं आम्हाला वाटायला लागलं, की या भांडणाच्या मुळाशी एक शब्द आहे. तो शब्द म्हणजे 'तात्पुरतं'.

आधी जागा समजून घेऊ. बॉक्सटाउन ही वस्ती गुलामगिरीतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीय लोकांनी वसवली. रेल्वेच्या जुन्या मालडब्यांचं लाकूड आणून त्यांनी घरं उभी केली. त्या डब्यांना तिकडे 'बॉक्सकार' म्हणतात, त्यावरून हे नाव. पुढे शहर वाढलं आणि वस्तीच्या आसपास काय काय येत गेलं बघा: तेलशुद्धीकरण कारखाना, पोलाद कारखाना, टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीचं वीजकेंद्र. त्या केंद्राचा कोळशावरचा भाग २०१८ साली बंद झाला, पण राखेची तळी मागे राहिली आणि त्यांच्याजवळच्या भूजलात आर्सेनिक सापडलं. सगळ्या शेल्बी काउंटीलाच अमेरिकन लंग असोसिएशनने २०२५ साली ओझोनसाठी 'एफ' श्रेणी दिली. आपल्या भाषेत, नापास.

याच भागातून कच्च्या तेलाची 'बायहेलिया' नावाची पाइपलाइन न्यायचं ठरलं होतं. २०२० सालच्या एका सभेत कंपनीच्या माणसाने बोलता बोलता सांगून टाकलं, की हा मार्ग निवडला कारण इथे सगळ्यात कमी विरोध होईल. मंडळी, एवढा प्रामाणिकपणा सार्वजनिक जीवनात क्वचित ऐकायला मिळतो! अंदाज मात्र चुकला. लोक एकत्र आले आणि जुलै २०२१मध्ये पाइपलाइन रद्द झाली. त्या लढ्यातले जस्टिन पिअरसन पुढे टेनेसीच्या विधानसभेत निवडून गेले. त्यांचे बंधू कीशॉन पिअरसन 'मेम्फिस कम्युनिटी अगेन्स्ट पोल्यूशन' या संघटनेच्या वतीने आजच्या लढ्यातही पुढे आहेत. हे सांगायचं कारण एवढंच, की डेटा सेंटरला विरोध करणारे लोक अचानक जागे झाले असं कुणी समजू नये.

आता डेटा सेंटर. जून २०२४मध्ये जाहीर झालं, की इलॉन मस्क यांची एक्सएआय ही कंपनी मेम्फिसमध्ये महासंगणक उभारणार. जागा कुठली, तर इलेक्ट्रोलक्सचा बंद पडलेला कारखाना, जिथे पूर्वी स्वयंपाकाच्या शेगड्या बनत. महासंगणकाचं नाव 'कोलोसस'. कंपनी अभिमानाने सांगते, की पहिला टप्पा १२२ दिवसांत उभा राहिला. शहराच्या काही नगरसेवकांनासुद्धा ही बातमी घोषणेच्या सुमारासच कळली. म्हणजे ज्यांनी लोकांच्या वतीने विचारायचं, त्यांनाच विचारायला वेळ नव्हता.

इतक्या संगणकांना वीज लागते, आणि ती रात्रंदिवस लागते. वीजमंडळाच्या तारांतून तेवढी वीज लगेच मिळेना. टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीने १५० मेगावॉटला मान्यता दिली ती नोव्हेंबर २०२४मध्ये. मग मधल्या काळात काय करायचं? कंपनीने गॅसवर चालणारी टर्बाइन्स आणून आवारात उभी केली. चाकांवर आणता येतात अशी.

टर्बाइनमध्ये नैसर्गिक वायू जळतो. तो 'स्वच्छ' म्हणवतो, कोळशाच्या मानाने आहेही. पण ज्वाला इतकी तापलेली असते, की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात. त्यावर ऊन पडलं आणि हवेत इतर रासायनिक वाफा असल्या, की जमिनीलगत ओझोन बनतो. वर आकाशात असलेला ओझोन आपलं रक्षण करतो. नाकाशी आला की तोच श्वासनलिकेचा दाह करतो. दमेकऱ्याला ते लगेच कळतं. यावर उपाय आहे. धूर बाहेर पडण्याआधी त्यात अमोनिया सोडून तो उत्प्रेरकावरून नेला, की या ऑक्साइड्सचा बराच भाग साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन जातो. सदर्न एन्व्हायर्नमेंटल लॉ सेंटर या कायदेविषयक संस्थेचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या टर्बाइन्सवर ही यंत्रणा नव्हतीच. ती बसवा असं सांगणारा परवाना तेव्हा कुणी मागितला नव्हता आणि कुणी दिलाही नव्हता.

परवाना का नव्हता? इथे आपला शब्द येतो. काउंटीच्या आरोग्य खात्याची भूमिका होती, की हलवता येणारं इंजिन एका जागी ३६४ दिवसांपेक्षा कमी काळ असेल तर त्याला परवाना लागत नाही. वर्षाला एक दिवस कमी! उलट बाजूचं म्हणणं, की ही सवलत लहानसहान फिरत्या इंजिनांसाठी आहे. शेकडो मेगावॉटच्या वीजकेंद्राला ती लावता येणार नाही.

एप्रिल २०२५मध्ये त्या संस्थेने विमानातून काढलेली छायाचित्रं प्रसिद्ध केली. मोजली तर ३५ टर्बाइन्स. एकत्रित क्षमता ४२० मेगावॉटच्या आसपास. परवान्यासाठी अर्ज होता तो १५ टर्बाइन्सचा. महापौर म्हणाले, चालू फक्त १५ आहेत, बाकीची नुसती ठेवलेली आहेत. मग संस्थेने उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने पुन्हा चित्रं घेतली, त्यात ३३ तापलेली दिसली. सगळी चालली तर वर्षाला १,२०० ते २,००० टन नायट्रोजन ऑक्साइड्स बाहेर पडतील, असा संस्थेचा अंदाज आहे.

युबुलिडीझ हा ग्रीक तर्कज्ञ तुम्हाला आठवत असेल. वाळूचा एक कण म्हणजे ढीग नव्हे. दोन कण म्हणजेही नव्हे. एकेक कण वाढवत गेलं तर ढीग नेमका कधी झाला? चाळीस वर्षं वर्गात आम्ही हे कोडं हसत हसत सांगितलं. मेम्फिसमध्ये ते कोडं भिंतीपलीकडे घरघरत उभं आहे. एक टर्बाइन म्हणजे वीजकेंद्र नव्हे. पाच? पंधरा? पस्तीस? प्रत्येक यंत्र आपल्यापुरतं खरं बोलतं, 'मी जाणार आहे'. आणि यंत्रं बदलत राहिली तरी जागा कधीच रिकामी होत नाही.

आमच्या घरामागे एक मंगल कार्यालय होतं. त्याचा जनरेटर 'या सीझनपुरता' म्हणून आमच्या खिडकीखाली आला. आमच्या आईला दमा. सौ. खिडकीला ओला पंचा लावून ठेवत असे. सीझन अकरा वर्षं चालला. तक्रार करायला गेलो की कार्यालयातले गृहस्थ अगदी अदबीने म्हणायचे, 'सर, तात्पुरतं आहे हो.' खोटं बोलत नव्हते बिचारे. त्यांच्या वहीत ते तात्पुरतंच होतं. पण फुप्फुसाची वही वेगळी असते, तिथे रोजची नोंद होते.

आता ह्यूमकडे येऊ. १७४८ सालच्या निबंधात त्याने लॉकच्या मूक संमतीची फिरकी घेतली होती, हे मागच्या वेळी पाहिलं. झोपेत उचलून जहाजावर आणलेला माणूस समुद्रात उडी टाकत नाही, म्हणून त्याने कप्तानाचं राज्य मान्य केलं असं म्हणायचं का? बॉक्सटाउनच्या लोकांना कुणी जहाजावर नेलेलं नाही. जहाजच त्यांच्या घरापाशी आणून उभं केलं. घर विकून जा म्हणणं सोपं. ज्या घराशेजारी टर्बाइन्स आहेत ते घर कुठल्या भावाने विकायचं?

एप्रिल २०२५मध्ये फेअर्ली हायस्कूलमध्ये परवान्यावर सुनावणी झाली. सभागृह भरलं. लोक आपापल्या घरातल्या दम्याच्या गोष्टी सांगायला उठले. पण तोवर महासंगणक चालू होता, टर्बाइन्स चालू होती. जूनमध्ये एनएएसीपी या नागरी हक्कांच्या जुन्या संघटनेने हवा कायद्याखाली दाव्याची नोटीस दिली. २ जुलै २०२५ला खात्याने १५ टर्बाइन्सना, २४७ मेगावॉटपर्यंत, परवाना दिला; त्यात प्रदूषण रोखणारी यंत्रणा बसवण्याची अट होती. त्यावरही अपील झालं. आमच्या मते इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. परवान्याला आपण 'कागद' म्हणतो, थोडं तुच्छतेने म्हणतो. त्या कागदामुळेच यंत्रणेची अट आली. तो आधी मागितला असता तर अट आधी आली असती, एवढा साधा हिशोब.

जॉन ड्यूईने १९२७च्या पुस्तकात 'पब्लिक' कशाला म्हणायचं याचं उत्तर दिलं होतं. दोन पक्ष आपसात व्यवहार करतात. त्याचे परिणाम व्यवहारात नसलेल्या तिसऱ्यांवर होतात. ते तिसरे आपल्यावर काय होतंय हे ओळखतात तेव्हा जनता आकाराला येते. कंपनी आणि शहर यांचा व्यवहार झाला. फेअर्ली हायस्कूलमध्ये जमले होते ते तिसरे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हलका नाही. सगळ्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता हवी, पण कुणालाच ती आपल्या परसात नको. मग ती ठेवायची कुठे? हे व्याख्यान तुमच्यापर्यंत येतंय ते अशाच कुठल्या तरी इमारतीतून, हे आम्ही विसरलेलो नाही. पण 'इथे नको, तिकडे न्या' आणि 'जिथे न्याल तिथे आधी विचारा, धूर गाळा, मोजून दाखवा' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं वाक्य कांटच्या कसोटीवर टिकत नाही, दुसरं टिकतं. आणि नुसतं 'तिकडे न्या' केल्याने काय होतं तेही दिसलं. २०२५मध्येच कंपनीने सरहद्दीपलीकडे मिसिसिपीतल्या साउथहेवनमध्ये टर्बाइन्स उभी केली, तिथेही तात्पुरती म्हणूनच. धुराला राज्याची सीमा कळत नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. मेम्फिस शहराने ठरवलं, की या प्रकल्पाच्या मालमत्ता कराचा चौथा हिस्सा पाच मैलांच्या आतल्या वस्त्यांवर खर्च करायचा. चांगली गोष्ट आहे, तिची टिंगल करू नये. रस्ते होतील, शाळा सुधारतील. पण भरपाई ही होकार विचारल्यानंतर देण्याची वस्तू आहे. होकाराच्या जागी ती ठेवली की शेजारी भाडेकरू होतो.

आणि मोजण्याचं म्हणाल, तर जूनमध्ये शहराने हवा तपासून घेतली आणि धोकादायक काही आढळलं नाही असं सांगितलं. तपासणीत ओझोन नव्हता. ज्या विषयात शहर नापास झालं होतं, नेमका त्याचाच पेपर घेतला नाही.

व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारलं, त्या ऐरोलीला राहतात, की आमच्याकडे महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात इतकी डेटा सेंटर्स झाली, आम्हाला कुणी सुनावणीला बोलावलं नाही, ते कसं? उत्तर असं. आपल्या २००६च्या पर्यावरण अधिसूचनेत बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून वगळलेलं आहे, आणि अशी केंद्रं सहसा बांधकाम म्हणून मंजुरीला जातात. वीज तारेतून येते, जनरेटर 'अडीअडचणीला' असतात. पण त्यांना १९८१च्या हवा कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र लागतं. होय, कागदाचं नावच 'संमती' आहे. ही पत्रं मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात. जनरेटर किती, किती क्षमतेचे, धुराड्याची उंची किती, हे त्यात पाहता येतं. बाई, तुमच्या घराजवळच्या केंद्राचं पत्र काढा आणि पुढच्या रविवारी घेऊन या. आपण सगळे मिळून वाचू.