तिथीची पाऊणपट

गेटवेवरून सुटलेली लाँच तासाभरात मांडव्याच्या जेट्टीला लागते आणि उतरलेली माणसं अलिबागच्या बसकडे धावतात. त्या घाईत जेट्टीच्या खांबांकडे कुणी बघत नाही. बघायला हवं. खांबाचा वरचा भाग कोरडा आणि फिकट असतो. त्याखाली कालवं आणि शेवाळ यांचा ओबडधोबड, काळपट पट्टा सुरू होतो. या पट्ट्यातला प्रत्येक जीव दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उन्हात उघडा पडतो. मोठ्या उधाणाला मुंबईच्या बंदरातलं पाणी चौदा-पंधरा फुटांनी वरखाली होतं. दीड मजल्याइतकं पाणी येतं आणि जातं, आणि आपण बस पकडत असतो.

या धक्क्यावर मी एकदा जाळं विणत बसलेल्या म्हाताऱ्या कोळीबाबांना विचारलं, "बाबा, भरती किती वाजता?" त्यांनी मान वर न करता मलाच विचारलं, "आज तिथी कंची?"

तिथी विचारण्यामागे एक हिशेब आहे. कोकणच्या किनाऱ्यावर तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. आज अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला. दशमी असेल तर साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीत सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयातून समुद्राची वेळ सांगता येते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ त्या पानाकडे बघत राहिले होते.

पाऊणपटच का? जुन्या मोजणीत दिवसाच्या साठ घटका आणि चांद्रमासाच्या तीस तिथी. साठ भागिले तीस, दोन घटका. एक घटका २४ मिनिटांची, म्हणजे दर तिथीला भरती ४८ मिनिटांनी पुढे सरकते. चंद्र रोज साधारण तेवढाच उशिरा उगवतो, आणि समुद्र त्याच्यामागून जातो. ४८ चा गुणाकार तोंडी जड जातो, म्हणून तो पाऊण तासावर आणला असावा. दर तिथीला तीन मिनिटं सोडली. पंधरा तिथींची झाली ४५ मिनिटं. म्हणूनच पाऊणपटीने पौर्णिमेची भरती सव्वाअकराला येते आणि खरी भरती बाराच्या आसपास असते. ती चूक तिथेच संपते, कारण प्रतिपदेपासून मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते. कागद-पेन्सिल न वापरणाऱ्यांनी हा हिशेब पंधरवड्यागणिक स्वतःला दुरुस्त करणारा बनवला होता.

यातून आणखी एक गोष्ट निघते, आणि मला ती सगळ्यात विलक्षण वाटते. पौर्णिमेला आणि अमावास्येला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि उधाण येतं. पाणी सगळ्यात वर चढतं आणि सगळ्यात खालीही उतरतं. अष्टमीच्या सुमाराला ही ओढ काटकोनात विभागते आणि भांग लागतो. पाणी सगळ्यात कमी वरखाली होतं. मुंबईच्या या बंदरात उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते. म्हणजे सगळ्यात खोल ओहोटी नेहमी सकाळ-संध्याकाळ सहाच्या आसपास, उजाडताना किंवा तिन्हीसांजेला. पुनवेच्या पहाटे मांडव्याच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समुद्र आपल्या अंगणातली एरवी झाकलेली जमीन उघडी करून दाखवतो.

अशा पहाटे वाळूवर उकिडवं बसा आणि हलू नका. दोन-तीन मिनिटांत शेंगदाण्याएवढ्या खेकड्यांची बिळं उघडतात. खेकडा बाहेर येतो, नांगीने ओली वाळू तोंडात कोंबतो, तिच्यातला सूक्ष्म शेवाळाचा, कुजक्या कणांचा अंश चाटूनपुसून घेतो आणि उरलेल्या वाळूची साबुदाण्याएवढी गोळी करून मागे टाकतो. लगेच दुसरी, मग तिसरी. तो बिळापासून सरळ रेषेत सरकत जातो, परत येतो, नवी रेषा धरतो. तासाभरात बिळाभोवती गोळ्यांची किरणं पसरतात, जणू कुणी ठिपके मोजून रांगोळी काढली आहे. सावली पडली की सगळे एका क्षणात गायब. घड्याळ नसलेल्या या जिवाला पाणी परतण्याआधी जेवण उरकायचं असतं. आपली गाडी वाळूवर फिरते तेव्हा चाकाखाली हा अख्खा संसार येतो. हे एकदा पाहिलेला माणूस पुळणीवर गाडी घालत नाही, असा माझा अनुभव आहे.

खडकांमध्ये साचलेल्या डबक्यांत आणखी गर्दी असते. समोरच्या मुंबईत, गिरगाव आणि हाजीअलीच्या किनाऱ्यांवर, 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७ पासून लोकांना ओहोटीला फिरायला नेतो. दिसलेल्या प्राण्यांचे फोटो 'आयनॅचरलिस्ट' या खुल्या नोंदवहीत चढवले जातात. इतक्या मोठ्या शहराच्या कडेला प्रवाळ आहेत, ऑक्टोपस आहेत, हे शेकडो लोकांना तिथे कळलं. मांडव्याला येणारा कुणीही हेच करू शकतो. दगड उचलला तर होता तसाच परत ठेवायचा, कारण त्याच्या खालच्या बाजूला कुणाचं तरी घर असतं. शंख घरी न्यायचा नाही, रिकामाही नाही. त्यात खेकडा बिऱ्हाड करतो.

रेवसच्या बाजूला खाडीत वळलात की तिवर लागतात. तिवराचं एक पान जिभेला लावून बघा, खारट लागेल. मुळांनी आत आलेलं मीठ झाड पानांतून बाहेर टाकतं. कडक उन्हात पानावर मिठाचे कण चमकतात. खालच्या चिखलात पेन्सिली रोवाव्यात तशी त्याची श्वासमुळं उभी असतात आणि त्यांच्यामधून निवट्या, मासा असूनही, चिखलावर उड्या मारतात. अलिबागच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला या झाडांची किंमत वेगळीच ठाऊक आहे. बांधापुढे तिवर असले की उधाणाची लाट तिथेच मोडते. नसले की बांधाला खांड पडते आणि भातशेतीत खारं पाणी शिरतं. २०२० मध्ये महाराष्ट्राने पांढरी चिपी हा आपला राज्य कांदळवृक्ष जाहीर केला. आपल्या खाडीतली चिपी कोणती आणि तिवर कोणता, हे आधी पानावरून ओळखायला शिकूया.

तिथी कळायला लागली की सणही वेगळे दिसतात. अनंत चतुर्दशीला चौदाची पाऊणपट साडेदहा, म्हणजे पाणी संध्याकाळी पाचच्या सुमाराला ओसरलेलं असतं आणि विसर्जनाची गर्दी नेमकी तेव्हा असते. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. प्लास्टर ऑफ पॅरिसची तशीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पुनवेच्या पहाटेची खोल ओहोटी तिला जशीच्या तशी उघडी करते. आदल्या दिवशी ज्याची आरती केली त्याचा हात वाळूत पडलेला पाहणं मला सहन होत नाही. पेणला शाडूच्या मूर्ती मिळतात. जरा आधी सांगावं लागतं, इतकंच.

परतीच्या लाँचमागे हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचा थवा लागतो आणि प्रवासी त्यांना गाठिया, वेफर्स फेकतात. यांतले तपकिरी डोक्याचे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकाठी जन्मलेले असतात. हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याला तळलेलं, खारट खाणं कशाला? नुसतं बघा, जवळून इतके देखणे पक्षी एरवी दिसत नाहीत.

पलीकडे लाँच जिथे लागते, त्या अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होते आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. समुद्र वर चढतो आहे हे आज आपल्याला अशाच नोंदींमुळे कळतं. असंच रोज बघत राहण्याचं दुसरं उदाहरण मांडव्याच्या दक्षिणेला आहे. किहीमला, नोकरी नसलेले पक्षितज्ज्ञ सालिम अली १९३० च्या सुमाराला राहायला आले आणि घराजवळच्या सुगरणींकडे बघत बसले. नर अर्धं घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर आत राहते, आणि नर ते पुरं करून शेजारी दुसरं विणायला घेतो, हे त्यांना रोज बघूनच उलगडलं.

म्हणून मी आता कालनिर्णयाच्या चौकोनात पेन्सिलीने लिहिते: ओहोटी किती वाजता, वाळूवर किती गोळ्या, भरतीच्या रेघेवर किती बाटल्या. बाटल्या उचलून पिशवीत भरते. तोवर पाणी परत येतं, खेकडे बिळाच्या तोंडावर ओल्या वाळूचं बूच लावतात आणि रांगोळी पुसली जाते. उद्या हेच सगळं, पाऊण तास उशिरा.